टिकली का?

आमच्या बीदर-भालकीकडे पोरगं कॉलेजला लागलं की गल्लीतली माणसं पहिल्या वर्षी विचारतात, "स्कॉलरशिप लागली का?" दुसऱ्या वर्षापासून प्रश्न बदलतो. "टिकली का?" या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यात जास्त मान आहे. लागणं हे मार्कांचं आणि नशिबाचं काम. टिकवणं ही सगळ्या घरादाराची कर्तबगारी.

जन्मभर मास्तरकी केल्यामुळे निवृत्तीनंतरही गल्लीतल्या पोरांचे फॉर्म माझ्या ओसरीवर येतात. त्यांची पुस्तकं कधी आली नाहीत. पेरणीचा एक आणि रिन्युअलचा एक, असे आता गावाला दोन हंगाम झालेत. दोन्हींत माणसं वर बघत बसतात, एकात आभाळाकडे आणि दुसऱ्यात पत्र्यावरच्या टॉवरकडे.

सरकार दर वर्षी विद्यार्थ्याला जे विचारतं ते थोडक्यात असं: तू अजून गरीब आहेस का? अजून शिकतोस का? अजून इथलाच आहेस का? आणि शेवटी, तू अजून तूच आहेस का? या चौथ्या प्रश्नापुढे मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी हात टेकले. आमच्याकडच्या बारावी पास पोरीनं मात्र त्याचं उत्तर ओटीपीसकट दहा मिनिटांत द्यायचं असतं, नाहीतर पडद्यावर सेशन संपतं.

'तू तूच आहेस का' हे सिद्ध करणं सीमाभागात जरा जास्तच कठीण. आमच्या गल्लीत ज्ञानेश्वर पुष्कळ. महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत ज्ञानेश्वराची सुरुवात डी आणि एन या अक्षरांनी होते. कर्नाटकात तोच ज्ञानेश्वर जे आणि एनपासून सुरू होतो. आधार कार्ड काढणारा उदगीरकडचा असेल तर डी, शाळेचे गुरुजी गुलबर्ग्याकडचे असतील तर जे. मराठी वळणाचा मास्तर आडनाव आधी लिहितो. कन्नड वळणाचा मास्तर आडनावाला एका अक्षरात गुंडाळतो आणि पुढे टिंब देतो. पोरगा एकच, पण संगणकाच्या हिशेबी तो दोन-तीन जण असतो, आणि त्यांपैकी एकालाही पैसे मिळत नाहीत. ज्या माउलीनं रेड्याकडून वेद वदवले, तिचं नाव पोर्टलकडून वदवून घेणं काही जमत नाही.

कागदांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्याकडे प्रत्येक घरात एक पिशवी असते. बहुतेक कुठल्या तरी साडीच्या दुकानाची, लग्नाच्या बस्त्यात मिळालेली. ती पेटीत, पेटी खाटेखाली. ही पिशवी ओसरीवर उपडी केली की त्या घराचा सगळा इतिहास सतरंजीवर पसरतो. तळाशी आजोबांच्या जमिनीचा कागद, उर्दूत. तो घरात कुणालाच वाचता येत नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. त्याच्यावर वडिलांची टी.सी., मराठी शाळेची, घडीवर फाटलेली आणि चिकटपट्टीनं पिवळी पडलेली. सगळ्यात वर पोरीचे दाखले, कन्नडातले, प्लास्टिकच्या आवरणात. तीन पिढ्या एकाच घरात जन्मल्या, एकाच आडाचं पाणी प्याल्या, आणि तिघांनी तीन लिप्यांत सही केली.

यात कुणी घर सोडून कुठे गेलं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात. १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण-कर्नाटक झालं. विद्यापीठ मात्र १९८० पासून गुलबर्गा विद्यापीठच आहे. इतक्या वेळा नाव बदललं ते सरकारनं. नावाची पडताळणी मात्र आमच्या पोरांची. आमच्या गल्लीतल्या एका आजींना फॉर्मसाठी विचारलं होतं की तुम्ही इथे किती वर्षं राहता. त्या म्हणाल्या, "मी तर हितंच हाव बाबा. सरकारच यायलंय-जायलंय."

'अजून इथलाच आहेस का' या प्रश्नाची अधिकृत भाषा अशी नसते, पण मुद्दा तोच असतो. संसदेनं २०१२ साली मंजूर केलेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं घटनेत ३७१(जे) हे कलम आलं आणि आमच्या मागास भागाला शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. चांगली गोष्ट झाली. त्यासाठी आपण इथलेच असल्याचा दाखला लागतो. तिकडे महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं त्यांत बीदर-भालकीकडचीही गावं आहेत, आणि त्या गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक कॉलेजांत वेगळ्या जागा असतात. त्यासाठी गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. म्हणजे एकच पोरगी सकाळी आपण पक्क्या कल्याण-कर्नाटकातल्या असल्याचा कागद काढते आणि दुपारी आपण पक्क्या मराठी असल्याचा. दोन्ही कागद खरे. घरात आजी रागावते मराठीत, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करते कन्नडात, आणि बस चुकली की कंडक्टरला बोलते ती आमची खास दख्खनी हिंदी. आजीला मातृभाषेचा दाखला मागितला तर ती आधी विचारेल, "कुणाशी बोलायचाय?"

आता गरिबीकडे वळू. कर्नाटकात उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत मिळतो आणि तो पाच वर्षं चालतो. दाखल्यावर आरडीनं सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे आमच्या बोलीत एसएसपीवर, तो क्रमांक टाकला की तुमची गरिबी बेंगळूरला बसलेल्या संगणकाला आपोआप कळते. माणसाला माणसाची गरिबी कळायला किती काळ गेला. संगणकाला एका क्रमांकात कळते, ही सोय मान्यच केली पाहिजे. पदवीची वर्षं तीन, फार तर चार, आणि दाखला पाच वर्षांचा. तेवढ्यात एका पोराचं शिक्षण उरकतं. दुसरं पोर असेल तर गरिबी पुन्हा काढावी लागते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय योजनेत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. इतर योजनांच्या मर्यादा वेगवेगळ्या. त्यातच २०२१ मध्ये राज्यानं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी रयत विद्यानिधी सुरू केला. साध्या पदवीच्या मुलाला वर्षाला पाच हजार, मुलीला साडेपाच. इंजिनिअरिंग-मेडिकलला दहा आणि अकरा. त्यासाठी बाप शेतकरी असल्याचं दाखवावं लागतं, म्हणजे जमिनीची नोंद लागते. एका फॉर्मात जमीन आहे म्हणून सांगायचं आणि दुसऱ्यात उत्पन्न नाही म्हणून सांगायचं. नवख्या कारकुनाला यात विसंगती दिसते. पण औराद-कमलनगरच्या बाजूला ज्यांनी सोयाबीन केलंय त्यांना ती दिसत नाही. दोन्ही विधानं पूर्ण सत्य आहेत, आणि दोन्ही एकाच सातबाऱ्यावर, आमच्या भाषेत पहाणीवर, सुखानं नांदतात.

'अजून शिकतोस का' या प्रश्नाचं उत्तर हजेरीपटावर असतं. केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला बारा हजार देते. ती पुढच्या वर्षी टिकवायची तर पन्नास टक्के मार्क आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. मार्कांचं पोरं पाहून घेतात. अडचण हजेरीची. आमचा मुलूख तुरीचा. गुलबर्ग्याच्या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती तूर डिसेंबर-जानेवारीत कापून, झोडपून, पोत्यात कुणी भरायची याचं मानांकन कुणी दिलं नाही. ते काम घरातल्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाकडे येतं. त्यात मार्गशीर्षाच्या शेवटी येळवस. त्या दिवशी अख्खा गाव शेतात असतो. कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, आणि त्यानंतर अशी झोप की प्राचार्यांनाही आवरत नाही. येळवसेच्या दिवशी वर्गात हजर असलेला विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. पंचाहत्तर टक्के ठरवणाऱ्यानं उरलेले पंचवीस टक्के कशासाठी ठेवले असतील? मला वाटतं, त्यांतला निम्मा भाग तुरीसाठी आहे आणि निम्मा आंबिलीसाठी.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमावलीत आणखी एक सुंदर अट होती. विद्यार्थ्याची प्रगती आणि वर्तणूक समाधानकारक हवी; संपात भाग घेणं हे गैरवर्तन, आणि त्यासाठी शिष्यवृत्ती थांबू शकते. आता कॉलेजातले बहुतेक संप कशासाठी असतात? शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून. या वर्तुळात शिरलेला विद्यार्थी तर्कशास्त्राच्या पेपरला बसायला तयार झाला असं समजावं.

ही सगळी पडताळणी आजकालची आहे असं कुणी समजू नये. बीदरला आलात तर महमूद गवानाचा मदरसा पाहाच. बहामनी वजीर महमूद गवान इराणातल्या गिलानचा. त्यानं १४७२ साली तो बांधला. तीन मजली इमारत, समोर मिनार, भिंतींवर निळ्या-हिरव्या फरशा, आणि आत मोठं ग्रंथालय. दूरदूरचे विद्वान शिकवायला होते, आणि विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च वजिराकडे, असं सांगतात. आरडी क्रमांक नाही, ओटीपी नाही. पुढे औरंगजेबाच्या काळात स्फोट होऊन इमारतीचा एक भाग ढासळला. उरलेला मिनार पाहताना मला दर वेळी वाटतं, इथलं रिन्युअल काय असेल? बहुधा जेवणाच्या पंगतीला हजर राहणं. त्या हजेरीला पंचाहत्तर टक्क्यांची अट घालावी लागत नाही.

पण त्याच गवानाचा शेवट कागदानं केला. दरबारातल्या विरोधकांनी त्याचा शिक्का कोऱ्या कागदावर मिळवला, वर ओडिशाच्या राजाला चढाईचं निमंत्रण लिहिलं आणि ते पत्र सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवलं. गवानानं शिक्का आपलाच आहे हे कबूल केलं, मजकूर आपला नाही म्हणून सांगितलं. सुलतानानं शिक्का पाहिला, मजकूर पडताळला नाही. १४८१ साली वजिराचं डोकं उडालं आणि वर्षभरात सुलतानही गेला. बीदरमध्ये कागदपत्रांच्या पडताळणीचं महत्त्व इतक्या जुन्या काळापासून पटलेलं आहे. म्हणून आज कुणी पोर "एवढी अटेस्टेशन कशाला, गुरुजी?" असं वैतागून म्हणालं की मी त्याला गवान सांगतो. त्याचं समाधान होत नाही; पण पुढचा अर्धा तास तो तक्रार करत नाही.

आणि मिळालेली शिष्यवृत्ती हातातून निसटणं काय असतं हे ज्यांना सगळ्यात चांगलं माहीत होतं, त्यांचा फोटो आमच्या निम्म्या घरांत भिंतीवर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी असा करार. पुढे लंडनला अभ्यास चालू असताना १९१७ मध्ये मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःच्या पगारातल्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्राकडून घेतलेल्या उसन्या पैशांवर. हाच माणूस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सदस्य असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याची स्वतःची टिकली नाही, त्यानं लाखोंची लावून दिली. पोर्टलवर अडकलेल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा आवाज जरा खाली येतो, माझाही आणि त्यांचाही.

मग आम्ही सगळे ऑनलाइन सेंटरवर जातो. तालुक्याच्या चौकातलं हे दुकान म्हणजे एक टेबल, एक झेरॉक्स मशिन, अंगठ्याचं यंत्र, आणि ज्याच्या हाती पंचक्रोशीतल्या पोरांचं भवितव्य आहे असा पंचवीस वर्षांचा एक तरुण. तो स्वतः बी.एस्सी. आहे. पडदा फिरत राहतो, ओटीपी बापाच्या मोबाईलवर जातो, बाप शेतात असतो आणि शेतात रेंज नसते. मोटारसायकलवरून कुणीतरी ओटीपी आणायला जातं. ते परत येईपर्यंत ओटीपी मेलेला असतो. अखेर तो तरुण खुर्ची मागे सरकवतो आणि म्हणतो, "सर्व्हर इल्ला, गुरुजी. नाळे बन्नी." म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक अफवा होती. रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात हाक मारत दार वाजवतं म्हणे. लोकांनी तोड काढली आणि दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहून ठेवलं. भूत ते वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, पुन्हा तेच वाचायचं. त्या भुताबद्दल मला आता फार आपुलकी वाटते. बिचाऱ्याचं काहीतरी रिन्युअल राहिलेलं असणार.

एवढं करून पैसे येतात. येतात, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. प्रश्न एवढाच की कुठे येतात. सरकारी पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार पाहून येतात. आणि आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं असेल तिथे जाऊन बसतात. त्यामुळे घर आठवडाभर ज्या बँकेच्या पासबुकावर डोळे लावून बसलेलं असतं, तिथे शुकशुकाट, आणि दोन वर्षांपूर्वी सीमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेल्या, कुणाच्याही आठवणीत नसलेल्या खात्यात विद्यासिरीचे, म्हणजे राहण्या-जेवणासाठीच्या सरकारी मदतीचे, दहा महिन्यांचे पंधरा हजार गुमान पडून असतात. घरच्यांना लागलेला तो शोध पाहण्यासारखा असतो. शेतात गुप्तधन सापडलं तरी एवढा आनंद होणार नाही, कारण गुप्तधन सरकारजमा करावं लागतं.

त्या पंधरा हजारांचं काय होतं? खोलीचं भाडं, मेसचं थकलेलं बिल, परीक्षेची फी, आणि उरलेच तर आईला गुडघ्याचं मलम. ते मलम विद्यार्थ्याच्या शैक्षणिक खर्चात कुठे धरायचं, हे योजनेत लिहिलेलं नाही. पण ती आई बसून राहिली असती तर पोर कॉलेजात नसतं, शेतात असतं, असा माझा साधा हिशेब आहे.

या सगळ्यात मला एक गंमत वाटते. शिक्षण म्हणतं, बदल. तीन वर्षांत तुझी भाषा, चाल, मत, जमलं तर आर्थिक स्थिती, सगळं बदलून टाक. शिष्यवृत्ती म्हणते, बदलू नकोस. तेच नाव ठेव, तेच गाव, तेच खातं, तोच मोबाईल नंबर, तीच गरिबी. दर वर्षी येऊन दाखव की तू होतास तसाच आहेस. आमची पोरं हे दोन्ही एकाच वेळी करतात. वर्गात रोज थोडी बदलतात आणि नाडकचेरीत तीच असतात. सरकारं बदलत असताना आपण तेच राहायचं, हा आमच्या घरातला जुना सराव. तो असा कामाला येईल असं आजोबांना वाटलं नसेल.

पदवी हातात पडल्यावर तरी हे संपतं म्हणावं, तर तेही नाही. २०२४ च्या जानेवारीपासून राज्यात युवानिधीचे पैसे मिळू लागले. पदवीधर बेकाराला महिना तीन हजार, पदविकाधारकाला दीड हजार, दोन वर्षांपर्यंत. आणि त्यासाठी वेळोवेळी सांगावं लागतं की मी अजून बेकार आहे आणि पुढे शिकतही नाही. शिकताना शिकतोय हे सिद्ध करायचं, शिकल्यावर शिकत नाही हे सिद्ध करायचं. पिशवी काही रिकामी होत नाही.

पण कधीकधी होते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातली पोरगी, तीन वर्षं पिशवी घेऊन माझ्या ओसरीवर आलेली, गेल्या वर्षी नोकरीला लागली. पहिला पगार झाल्यावर तिनं स्वतःच अर्ज करून युवानिधी बंद करून घेतला. सरकारी गोष्ट बंद पडल्याचे पेढे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच वाटले गेले. तिचे वडील पेढे घेऊन माझ्याकडे आले, बसले, पाणी प्याले. निघताना उंबऱ्यात थांबले आणि हळूच विचारू लागले, "गुरुजी, बंद झाल्याचा काई दाखला भेटतो का? काढून ठिवावं म्हणलं. कवा लागंल सांगता येत नाही."